एका दिवसाचं अहो

"अहो मिस्त्री, तुम्ही कशाला त्रास घेता?" आईनं चमचा हातानं बाजूला सारला. "माझा मुलगा येऊ दे. तो आल्याशिवाय मी जेवत नाही."

मुलगा समोरच बसला होता. हातात मऊ भाताची वाटी. वय सेहेचाळीस. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, तेव्हा मिस्त्री म्हणण्यात तशी चूक काही नव्हती. आठ महिन्यांत आई सगळं विसरली, रीतभात तेवढी विसरली नाही. परक्या माणसाशी ती अदबीनंच बोलायची. बसा, दमला असाल, पाणी घ्या. त्या प्रत्येक 'अहो'नं तो आणखी परका व्हायचा. आणि मुलाची वाट बघत ती उपाशी राहायची. अंगातला झगा आता हँगरवर टांगल्यासारखा दिसत होता.

चार वाजता ताई गाडी घेऊन येणार होती. शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात एक खाट मिळाली होती. "तिथल्या नर्स काहीतरी पोटात घालतील तरी," ताई फोनवर म्हणाली होती. "तुझ्या हातचं ती खात नाही, हे तूच सांगतोस ना?" त्यानं गयावया करून वर्षाअखेरच्या सुट्ट्या लागेपर्यंतची मुदत मागून घेतली. आई एकदा जरी 'अरे' म्हणाली, तर तिला पाठवायचं नाही. ताई बरं म्हणाली. सुट्ट्या आज लागल्या होत्या आणि साडेतीन वाजून गेले होते.

फोटो दाखवून झाले होते. लहानपणी आईनंच ठेवलेलं 'खोडरबर' हे नाव शंभरदा सांगून झालं होतं. "गोड आहे हो नाव. कोणाचं?" असं तिनं शंभरदा विचारलं होतं. आता कपाटावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा तेवढा उरला. बुडत्याला काडीचा आधार, म्हणून त्यानं तो खाली काढला.

डब्यात चिठ्ठ्या होत्या. वर्षाअखेरच्या सुट्ट्या लागल्या की घरातल्या प्रत्येकानं हवी ती भेट चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायची. एक चिठ्ठी, एक मागणं. आई कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. 'एकदा दिलेला माल परत घेतला जाणार नाही' ही तिथली पाटी तिनं घरातही लागू केली होती. मागायचं ते विचार करून मागा, मागाहून कुरकुर चालणार नाही.

त्यानं एकेक चिठ्ठी तिच्या मांडीवर ठेवली. सहाव्या वर्षी शिट्टी. आठवडाभरात सगळा मजला कावला होता, तरी ती परत गेली नाही. बाराव्या वर्षी चाकांचे बूट. सोळाव्या वर्षी 'माझ्या खोलीत कुणी दार वाजवल्याशिवाय यायचं नाही.' तिशीत 'काही नको', तेही घाईघाईत, बसच्या तिकिटाच्या पाठीमागं. त्यानंतर चिठ्ठ्याच नाहीत.

आठव्या वर्षाची तळाशी सापडली. 'मला एक दिवस सगळ्यांनी बाबांसारकं अहो म्हनायचं.'

तो दिवस त्याला लख्ख आठवला. सकाळी काय ऐट होती! अहो, दूध घ्या. अहो, नाक पुसा. ताई तर हसू दाबत वाकून वाकून बोलत होती. दुपार झाली आणि त्याला वाटायला लागलं, या घरात आपलं कुणीच नाही. आईच्या गुडघ्यात तोंड खुपसून त्यानं भोकाड पसरलं. पण पाटी म्हणजे पाटी. दिवस मावळला तेव्हा कुठं 'अरे वेड्या' म्हणून आईनं त्याला जवळ ओढलं होतं.

मागितलं होतं एका दिवसाचं, मिळत होतं रोजचं.

आईनं चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली. ओठ हलवत वाचली. नीट चार घड्या घातल्या. "शुद्धलेखन कच्चं आहे," ती म्हणाली. "सांभाळून ठेवा हं. कुणाची तरी असेल."

खाली हॉर्न वाजला. दोनदा. ताईची तशीच सवय होती.

त्याचा धक्का लागून बाजूला ठेवलेली वाटी कलंडली आणि भात फरशीवर सांडला. पुसायला म्हणून तो खाली बसला, तो उठलाच नाही. पाचव्या मजल्यावरच्या त्या खोलीत त्याला लिफ्टचा आवाज आला. कुठला मजला आला, हे त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. दुसरा. तिसरा. लाज वाटून घ्यायचंही त्राण त्याच्यात राहिलं नव्हतं. त्यानं आईच्या गुडघ्यात तोंड खुपसलं आणि तो हमसून हमसून रडायला लागला.

"आई, मला दुसरं काही नको गं. एकदा अरे म्हण ना. एकदाच. अरे म्हण."

लिफ्ट थांबली. जाळीचं दार सरकलं.

आईचा हात त्याच्या डोक्यावर आला. विरळ झालेल्या केसांत बोटं जरा वेळ थांबली. मग तिनं उशीखालचा रुमाल ओढून काढला आणि त्याच्यापुढं धरला.

"अहो, आधी नाक पुसा," ती हळूच म्हणाली. "तुम्हीच मागितलंत ना चिठ्ठीत? मग आता दिवस मावळेपर्यंत दम धरा."