दाजींची नवी बॅग

मेव्हणा रॉय याची रायफल पाठीवरच्या बॅगेत किती ऐटीत बसते, हे पाहून वर्नचा शिकारीच्या गेल्या हंगामापासून जळफळाट चालला होता. यंदा त्याने मोंटानातली चार दुकानं पालथी घातली आणि रॉयच्या बॅगेच्या दीडपट मोठी बॅग आणली. रायफल अशी बसली, की खांद्याला भारच जाणवेना.

"दाजी, बॅग झकास हं!" शिकारीला निघताना रॉय म्हणाला.

"बघ, पण जळू नकोस," वर्न खुशीत म्हणाला.

दुपारी डोंगरावर भलंमोठं एल्क हरीण पडलं, तेही रॉयच्याच गोळीने. गाडी पाच मैल खाली होती आणि मांस पाठीवरूनच न्यायचं होतं.

 

रॉयने वर्नच्या बॅगेचे पट्टे प्रेमाने सैल केले. "दाजी, मागच्या दोन्ही तंगड्या तुमच्याकडे. माझी बॅग पडली लहान!"