इन्स्पेक्शनचा दिवस

पहिल्या बॅचचे डॉक्टर पंचवीस वर्षांनी कॉलेजच्या जुन्या वॉर्डात जमले आणि मान्यतेच्या इन्स्पेक्शनचा किस्सा निघालाच. रिकाम्या खाटा भरायला तेव्हा शेजारच्या बांधकामावरची धडधाकट माणसं आणून झोपवली होती. कुणी काय दुखतंय म्हणून सांगायचं, ते या विद्यार्थ्यांनीच पढवलं होतं.

“ती खिडकीजवळची बाई आठवते?” हाडांचा डॉक्टर म्हणाला. “तिला पोटदुखी पढवली, तर ही छाती धरून कण्हायला लागली. घामाने चिंब! काय अ‍ॅक्टिंग! कमिटीच्या पाठीमागे आपण हसून हसून बेजार.”

आताही सगळे खो खो हसले. भूलतज्ज्ञाला मात्र हसू येईना आणि रागही येईना. त्या दिवसाबद्दल कितीतरी वर्षांत त्याला काही वाटलंच नव्हतं.

“अरे, तू विसरलास की काय?” मित्राने त्याला ढोसलं.

“नाही. कमिटी गेल्यावर तिला उठवायला सरांनी मलाच पाठवलं होतं,” तो सपाट आवाजात म्हणाला.

 

“अंग गार पडलं होतं तिचं. सर म्हणाले, मान्यता मिळेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढू नकोस.”