तिच्या वाटणीची गोळी

"दोघींतल्या एकीला खरी गोळी मिळेल, दुसरीला तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला कुठली, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं."

नव्या औषधाची चाचणी अशी सोपी करून सांगावी ती नर्स मृणालिनीनंच. कॅन्सर वॉर्डातल्या शेजारणी, केवळाबाई आणि इंदरबाई, लगेच तयार झाल्या होत्या.

आज केवळाबाई गेल्या. उरलेलं औषध परत घ्यायला मृणालिनीनं त्यांची डबी उघडली, तर वरच एक मोडलेली अर्धी गोळी निघाली.

"ती कालची, तिच्या वाटणीची," इंदरबाई म्हणाल्या. "खरी एकीलाच मिळनार, हे तुमीच सांगितलं न्हवं ताई? मग आमी दोघींच्या गोळ्या रोज मोडून निम्म्या-निम्म्या खाल्ल्या. एकटीनंच कसं जगायचं?"

मग हळूच त्यांनी विचारलं, "अर्ध्यानं बी गुन येतो न्हवं?"

मृणालिनीला हे सोपं करून सांगता येईना.