दोन खोकल्यांचं तेल

अडकलेली चेन. एक थेंब पुरे.

लाकडी चमच्याला भेगा पडू नयेत म्हणून वर्षातून दोनदा तेलाचा हात.

निळ्या काचेचा पेला. तेलाचा रंग दिसू नये म्हणून निळा. डोळे चहाडखोर असतात.

सफरचंदाची फोड, दोन पेल्यांच्या मधे जीभ धुवायला.

उघडं दार, आणि दाराबाहेर सहा बागवाले. आत येण्याची बंदी. म्हणून कान देऊन उभे, आतला खोकला मोजत.

खोकत होती ती ऑलिव्हच्या घाण्यावरची तेल चाखणारी. ताजं, चांगलं तेल घशात मिऱ्यासारखं चावतं. एक खोकला आला तर तेल उत्तम. दोन आले तर बागवाला वर्षभर मान वर करून चालतो. तिच्या माघारी सगळे तिला खोकलेबाई म्हणत. तोंडावर कुणाची टाप नव्हती.

भिंतीवर पाटी: अत्तर नको. कॉफी नको. सिगारेट नको. खाली तिच्याच अक्षरात आणखी एक ओळ: रडून आलात तर परत जा, रडलेल्या नाकाला काही कळत नाही.

पेला एक. एक खोकला. "पावावर. कच्च्या टोमॅटोवर. याला आच दाखवू नका." तेलाची जात ती कधीच सांगत नसे, घरातली जागा सांगे. जात कारकून लिही. त्यानं लिहिलं: एक्स्ट्रा व्हर्जिन, म्हणजे सगळ्यांत वरची.

पेला दोन. खोकला नाही. ती थुंकली. "खवट. जुना अक्रोड. बिजागरीला घाला, कुलपाला घाला, माणसाला नको." कारकुनानं लिहिलं: रिफायनरी. तिथे त्याचा वास आणि चव काढतात आणि तळणीचं साधं तेल करतात.

"कुणाचं रे?" बाहेर कुणीतरी कुजबुजलं.

"कुणाचं का असेना, त्याच्या घरची दारं यंदा कुरकुरायची नाहीत."

हशा झाला, पण बेताचाच. कोणता पेला कुणाचा हे बाहेरच्यांना ठाऊक नव्हतं आणि तिलाही नाही. पेल्याखाली फक्त नंबर.

पेला तीन. एक खोकला. पावावर.

पेला चार. एक खोकला. लगेच दुसरा.

सहाही जणांनी माना पुढे काढल्या. त्यांच्यात तिचा थोरला भाऊ होता. त्याच्या तेलाला दरवर्षी दोन खोकले येत.

पण तिनं जागा सांगितली नाही. तिनं पेला तळहातावर पुन्हा उबवला, झाकण सारलं, नाक आत घातलं. डोळे मिटले.

"बाग फार चांगली आहे," ती म्हणाली. "तोडणी हातानं, हळू केलीय. पण तोडल्यावर फळ पोत्यात थांबलंय." तिनं पुन्हा हुंगलं. "तीन दिवस. तळची पोती गरम होऊन फळ आंबायला लागलं होतं."

भावानं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. फळ आजच तोडलं असं त्यानं घाण्यावर सांगितलं होतं, मुलांना फोनवरही तेच. लहानपणी हिनं साखर समजून मीठ घातलेलं दूध पेलाभर प्यायलं होतं आणि हिला पत्ता लागला नव्हता. आता एका घोटात त्याचे तीन दिवस तिच्या जिभेवर होते.

तो उंबऱ्यापर्यंत गेला. "माझं आहे."

तिनं डोळे उघडले. "दादा? तुझं फळ कधी चार तास थांबत नाही."

"तुझ्या वहिनीला दवाखान्यात न्यावं लागलं. पोटात गाठ होती. गाडी एकच. एक तर पोती, नाहीतर ती."

"गाठ काढली?"

"काढली. शुद्धीवर आहे. सूप बेचव आहे म्हणून नर्सशी भांडलीसुद्धा."

"आणि मला कुणी सांगायचं?"

त्यानं पाटीकडे बोट केलं. "सांगितलं असतं तर तू रडली असतीस. मग या पाच जणांच्या तेलाचं काय?"

कारकुनाचं पेन हवेतच राहिलं. "बाई, खोकले तर दोन आलेत. काय लिहू?"

भाऊ जमिनीकडे बघत होता.

"कढईत," ती म्हणाली. "रोजच्या भाजीला, अंड्याला. पावावर नाही."

"म्हणजे नुसतं व्हर्जिन? एक्स्ट्रा नाही?"

"ऐकू आलं ना? लिहा."

अजून दोन पेले उरले होते. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. सगळ्यांना दिसलं.

"उद्या करू या, बाई," बाहेरचा एक म्हातारा म्हणाला. उरलेल्या दोनांत त्याचंही तेल असू शकलं असतं. किंवा होऊन गेलेला तीन नंबरचा पेलाच त्याचा असेल, त्याला काय माहीत. "आमचं काय पळून जातंय?"

"तेल नाही पळत, काका. नाक पळतं. बसा."

तिनं सफरचंदाची फोड तोंडात घातली आणि खूप वेळ चावली. मान मागे टाकून छताकडे बघत राहिली, पाणी खाली उतरेपर्यंत नाही, आत परतेपर्यंत. बाहेर कुणी पाय हलवला नाही. एकानं टोपी काढली आणि काढली कशासाठी ते न कळून हातातच धरली.

पेला पाच. बराच वेळ काही नाही. मग एक खोकला. "पावावर," ती म्हणाली. आवाज पहिल्या पेल्याच्या वेळचाच होता.

पेला सहा. एक खोकला, आणि मागोमाग, स्वच्छ, दुसरा.

"पावावर. आणि पाहुणे आले तरच काढा."

तिनं सहावं झाकण ठेवलं, हात पुसले. मग कारकुनाच्या टेबलावर डोकं टेकून ती रडली. भाऊ उंबऱ्याबाहेरच उभा होता. बंदी अजून उठली नव्हती.

दवाखान्यात निघण्यापूर्वी, पाऊस आला तर फळ भिजेल म्हणून पोत्यांवर ताडपत्री वहिनीनं ओढली होती. त्या ताडपत्रीखालीच ऊब कोंडली होती.