हवेचा दाब

बॅरोमीटर शेवटी मिस्त्रीच्या बुटात सापडला. प्रवासात फुटू नये म्हणून त्यानंच तो मोज्यात गुंडाळून ठेवला होता आणि ठेवून साफ विसरला होता.

"घ्या बाई, तुमचं रत्न," असं म्हणत त्यानं तो तिच्या हातात दिला. सरसुद्धा हसले.

कंपनीनं तीन देशांतून उचललेली ही तीन माणसं. मशीन उभं करायचं मिस्त्रीनं. खरं तर तो इंजिनिअर, पण हातातला पाना सुटत नाही म्हणून सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. कागदपत्रं सरांची. आणि कॅन्सरच्या पेशंटला द्यायची तेवढीच किरणं मशीनमधून बाहेर पडतात ना, हे मोजून सही करायची तिनं. कामासाठी परदेशात ती पहिल्यांदाच आली होती. डोंगरावरच्या शहरातलं हॉस्पिटल उरकून, सीमा ओलांडून, ते काल या बंदराच्या गावी उतरले होते.

हवा जड की विरळ, यावर किरणांचं मोजमाप ठरतं, म्हणून दाब आधी बघायचा. तिनं काट्यावरचा आकडा वहीत उतरवला आणि सहज मागचं पान उलटलं. डोंगरावर बॅरोमीटर काही केल्या सापडत नव्हता, तेव्हा तिनं मोबाईलवरच्या हवामानातला आकडा घेऊन काम भागवलं होतं. तो आकडा आणि आजचा आकडा जवळजवळ एकच होता.

खिडकीतून समुद्र दिसत होता. तिकडं हॉस्पिटलचा एक जिना चढताना मिस्त्रीला दोनदा थांबावं लागायचं.

"सर," ती म्हणाली, "डोंगरावर आणि समुद्रावर हवेचा दाब सारखा कसा?"

सरांनी चष्मा काढला. उत्तर दोघांनाही माहीत होतं. मोबाईलवरचा दाब समुद्रसपाटीचा धरून दिलेला असतो. विरळ हवेत तिनं जड हवेचा आकडा धरला होता. त्यामुळे किरणं कमी पडतायत असं दिसलं, आणि मशीनचा जोर तिनंच वाढवून ठेवला. तिनं घाईघाईनं गणित मांडलं. शंभराच्या जागी एकशे अठरा.

"तिथं आजपासून पेशंट घेणार होते."

"आधी ऑफिसला कळवू," सर म्हणाले. "त्यांचा मेल येऊ दे. परस्पर फोन केलास तर सगळं तुझ्यावर शेकेल. पहिलीच ट्रिप आहे तुझी."

"मेल येईपर्यंत चार जण त्या टेबलावरून उठलेले असतील, सर."

मिस्त्रीनं खिशातून फोन काढला, नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन तिच्यासमोर ठेवला.

"मॅडम!" डोंगरावरचा टेक्निशियन खुशीत होता. "मशीन एकदम झकास चाललंय."

"बंद करा. आत्ताच्या आत्ता. पुढच्या पेशंटला आत घेऊ नका."

तिकडून पावलं ऐकू आली, मग जड दार. "थांबवलं," तो परत येऊन म्हणाला. "पण एक झालं. सकाळी पहिल्याच आजी होत्या. बसला वेळ आहे, म्हणून बाहेर बाकावर बसल्यात."

सर खुर्चीत टेकले. "पंचविसातलं एकच सिटिंग," ते हळूच म्हणाले. "पुढच्या चोवीसांत कमी करून सावरता येईल. तिथल्या डॉक्टरांशी मी आत्ताच बोलतो. त्या म्हातारीला कशाला घाबरवायचं?"

"मला त्यांच्याशी बोलायचंय," ती फोनमध्ये म्हणाली.

आजींची भाषा तिला येत नव्हती. टेक्निशियन फोन घेऊन बाकापाशी गेला आणि इकडचं तिकडं सांगू लागला.

"आजी म्हणतात, काही दुखलं नाही. कळलंसुद्धा नाही. एवढ्या लांबून विचारपूस केलीत, त्यांना फार बरं वाटलं."

तिनं टेबलावरचा फोन जवळ ओढला.

"त्यांना सांगा, आज किरणं जास्त दिली गेली. किती आणि पुढं काय करायचं, ते डॉक्टर आजच समजावून सांगतील."

"असंच सांगू?" त्यानं आवाज खाली आणला. "मशीन नवीन आहे, जरा बिघडलं, असं म्हणू का? मॅडम, इथं माणसं आधीच भीत भीत येतात. एकदा गेली की परत फिरकत नाहीत."

मिस्त्रीनं मान वर केली.

"मशीन चांगलं आहे," ती म्हणाली. "मोजायला मी चुकले. मी, असंच सांगा."

त्यानं सांगितलं. दोन-तीनच वाक्यं असावीत. मग आजी बोलल्या, सावकाश, आवाज न चढवता.

"काय म्हणाल्या?"

"विचारतायत, आता पुन्हा मोजायला कोण येणार?"

"मीच. उद्या सकाळी."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग डोंगरावरच्या मोजणीचा, तिच्या सहीचा कागद पुढ्यात ओढून तिच्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं.

तिकडं पुन्हा काही बोलणं झालं.

"आजी म्हणतात, तुम्ही मोजा. मग त्या पुन्हा झोपतील त्या टेबलावर. पण त्या उठेपर्यंत तुम्ही दाराबाहेर उभं राहायचं. कुठं जायचं नाही."

"हो," ती म्हणाली.

टेक्निशियननं ते आजींना त्यांच्या भाषेत सांगितलं. त्या भाषेतही तो शब्द एवढासाच होता.