ऑप्शनला टाकलेला धडा

"टायपिंगमध्ये तुमच्या मुलीचा हात धरणारा कोणी नाही, मॅडम," विश्वजित म्हणाला आणि सईचा अर्ज त्याने हलकेच उलटा ठेवला. मालतीबाई काय समजायचं ते समजल्या.

महाप्याच्या या कारखान्यात तो पर्सोनेल मॅनेजर होता. सहा वर्षांपूर्वी वाशीच्या संध्याकाळच्या मॅनेजमेंट कोर्सला तो मालतीबाईंच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा. म्हणून तर त्या मोठ्या आशेने लेकीला घेऊन आल्या होत्या. सई जन्मापासून बहिरी. समोरच्याचे ओठ वाचून तिला बोलणं कळायचं. याआधी सहा कंपन्यांत ती एकटीच गेली होती आणि हात हलवत परत आली होती. तरी आज पोरीने नवा ड्रेस घातला होता.

"मग अडतं कुठे?"

"फोन कोण घेणार? आगीचा भोंगा वाजला तर तिला कळणार कसं? टेन्शन येतं हो. असं माणूस कामात कसं सामावून घ्यायचं, आमाला कुठे कोणी शिकवलं?"

"पुस्तकात होतं, विश्वजित. शेवटचा धडा."

विश्वजित मोकळेपणी हसला. मनाने वाईट नव्हता तो. "तो तर तुमीच ऑप्शनला टाकायला लावलात! पाच मार्कांचा आहे, सोडून द्या म्हणालात. दर बॅचला तेच सांगायचात." मग त्याचा आवाज खाली आला. "तुमाला अशी मुलगी आहे, हे दोन वर्षांत कधी बोलला नाहीत, मॅडम."

मालतीबाईंनी उलटा ठेवलेला अर्ज उचलून पर्समध्ये घातला. ठाणे-बेलापूर रोडवर साहेब होऊन बसलेली कितीतरी पोरं त्यांच्याच हाताखालून गेली होती. पेरलं तेच उगवलं होतं, आणि भोगायला मात्र सई उभी होती.

गेटबाहेर येताच सईने आईचा दंड धरला. विश्वजितच्या ओठांवरचा शब्दन्‌शब्द तिने टिपला होता. आपल्या जाड, अडखळत्या आवाजात तिने विचारलं, "आई, तो धडा का नाही शिकवलास?"

तिची नजर आईच्या ओठांवर खिळली होती.

मालतीबाईंनी तोंड पार दुसरीकडे फिरवलं आणि मगच खरं उत्तर दिलं, "तुझी लाज वाटायची गं मला."