सुईच्या अंतरावर

"मोतीबिंदू काढून डोळ्यात कृत्रिम भिंग बसवणार. ते जन्मभर राहील. चष्म्याविना लांबचं स्पष्ट हवं की जवळचं?" डॉक्टरांनी विचारलं. "लांबचं," आईआधी रामहरीच बोलला, "शिर्डीचा रस्ता, गाड्या..." शिर्डीच्या रस्त्याकडेला गजरे विकणाऱ्या त्याच्या आईनं, दगडाबाईनं, पदराला खोचलेली सुई काढून डोळ्यांपुढं धरली. "एवढ्यावरचं. दोरा ओवायला सुनंला हाक मारावी लागती." "अन् लांबची माणसं?" "त्यांना हाक मारीन की!" रामहरी फुरंगटला. टेम्पो चालवून आला की तो घरातही लांबूनच बोलायचा. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. दारातूनच त्यानं विचारलं, "आये, दिसतोय का मी?" "धुरकट. जवळ ये." तो आला. "आनखी." तो गुडघ्यांवर बसला, सुईच्या अंतरावर. तिनं त्याची हनुवटी धरली. लहानपणी पडल्याची खूण तिथंच होती; मिशी मात्र पिकलेली. "लई दमतोस रं," ती म्हणाली. रामहरी उठायचं विसरला.